गाठ रक्ताचा पाट आपल्याकडे ओढते

आंब्याच्या फांदीवर बांडगूळ रुजले की ते आपली मुळे सालीखाली घुसवते आणि झाडाचा रस ओढू लागते, हे शेतकरी बंधुभगिनींना सांगायला नको. कॅन्सरच्या गाठीलाही असेच पोषण लागते, पण ते मिळवण्याची तिची तऱ्हा निराळी. ती जवळच्या चांगल्या रक्तवाहिन्यांना सांगावा धाडते. मग त्या वाहिन्यांनाच नवे धुमारे फुटतात आणि ते गाठीत शिरतात. दुसऱ्याचा पाट फोडून पाणी आपल्या वाफ्यात वळवावे, तसाच हा प्रकार.

ही गोष्ट नेटाने मांडली ती अमेरिकेतल्या बोस्टनचे सर्जन डॉ. ज्यूडा फोकमन यांनी. १९६० नंतरच्या काळात ते अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत होते. सशाची गळ्यातली ग्रंथी काचपात्रात द्रव खेळवून जिवंत ठेवायची आणि तिच्यात कॅन्सरच्या पेशी सोडायच्या, असा प्रयोग त्यांनी केला. गाठी टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आणि तिथेच थांबल्या. त्याच गाठी उंदराच्या अंगात घातल्यावर मात्र भराभर वाढल्या. फरक होता तो नव्या रक्तवाहिन्यांचा. १९७१ साली फोकमन यांनी लिहिले की, रक्ताचा पुरवठा नसेल तर गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे जात नाही. तेव्हा बऱ्याच जाणत्यांनी मान हलवली. पुढे गाठीच्या सांगाव्याचे द्रव्यही सापडले. त्याला 'व्हीईजीएफ' म्हणतात.

हे सारे सांगण्याचे कारण असे. मी डॉक्टर नव्हे, शेतीखात्यातला माणूस. पण गावोगाव हिंडताना लोक दवाखान्याचे कागद पुढे करतात, "साहेब, एवढे वाचून सांगा." मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एखाद्या रिपोर्टात 'सीडी-३१', 'सीडी-३४' असे शब्द असतात आणि घरची माणसे ते पाहून गांगरतात.

ते आजाराचे नाव नव्हे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरची ती खूण आहे. ऑपरेशनात काढलेल्या गाठीची पातळ चकती काचेवर घेऊन तिच्यावर विशिष्ट रंग चढवतात. वाहिन्या तेवढ्या तपकिरी दिसतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली जिथे त्या सर्वांत दाट आहेत ती जागा शोधून त्या मोजतात. दाटी जास्त, तर आजार उलटण्याचा धोका साधारणपणे जास्त. २००६ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही कल तोच दिसला.

तरीही एवढ्या आकड्यावर घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. दाट जागा कोणती हे मोजणाऱ्याच्या नजरेवर ठरते; पीक पाहणीत दोघांची आणेवारी जुळत नाही, तसेच इथेही होते. म्हणून ही मोजणी नेहमीच्या रिपोर्टात बहुधा नसते. नसली म्हणून तपासणी अपुरी झाली असे समजू नका. रिपोर्टात पाहायचे ते दुसरेच: गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, जवळच्या किती लसिका गाठी तपासल्या (निदान बारा तरी हव्यात), त्यांपैकी कितींत आजार सापडला, आणि कॅन्सरच्या पेशी शिरेत शिरल्या आहेत काय. उपचार ठरतो तो मुख्यतः यावर.

फोकमन यांच्या विचारातून औषध मात्र निघाले. व्हीईजीएफला अडवणारे बेव्हासिझुमॅब अमेरिकेत २००४ साली, पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झाले. ८१३ रोग्यांच्या चाचणीत नेहमीच्या औषधांवर निम्मे रोगी १५.६ महिन्यांहून अधिक जगले. हे औषध जोडल्यावर तोच काळ २०.३ महिने झाला. म्हणजे पावणेपाच महिन्यांची भर. ती थोडी नव्हे, पण बरे होणेही नव्हे. गाठ पूर्ण काढल्यानंतर खबरदारी म्हणून हे औषध दिले, तेव्हा मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. वाहिन्या मोजून ते कोणाला लागू पडेल हेही सांगता आले नाही. तेव्हा या महाग औषधासाठी कोणी जमीन गहाण टाकायला निघाला असेल, तर आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: आजार पसरला आहे काय, आणि याने किती काळ मिळेल?

खरा फरक पडतो तो वेळेने. अमेरिकेतल्या नोंदींत आजार आतड्यापुरता असताना सापडलेल्यांपैकी दहांत नऊ जण पाच वर्षांनंतर हयात असतात; दूर पसरल्यावर सहा-सातांत एक. आपल्याकडे शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध म्हणून झाडपाल्यावर महिने काढतात. बायामाणसे तर लाजेने बोलतच नाहीत. मूळव्याध असेलही, पण रक्त वारंवार पडते, शौचाची सवय बदलली, अंगात रक्त कमी झाले किंवा वजन उतरले, तर डॉक्टरांकडून बोटाने तपासणी करून घ्यावी आणि ते म्हणतील तर दुर्बिणीचीही.

आणखी एक. काढलेली गाठ मेणाच्या लहान ठोकळ्यात बसवून प्रयोगशाळेत जपून ठेवतात. दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात जायचे झाल्यास रिपोर्टाबरोबर तो ठोकळा आणि काचाही लेखी अर्ज देऊन मागून घ्याव्यात. औषध निवडायला आज लागणाऱ्या 'रास' आणि 'एमएमआर' या तपासण्या त्याच ठोकळ्यावर होतात. त्यासाठी पुन्हा ऑपरेशन करावे लागत नाही.