बैलाचे तोंड पाहता, स्वतःचे कधी पाहिले?



बाजारात बैलाचा जबडा उघडून पाहिल्याशिवाय आपण व्यवहार करीत नाही. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे, याची खात्री करून घेतो. गोठ्यातल्या गाईच्या तोंडातून लाळ गळू लागली, की लाळ्या-खुरकूत तर नव्हे ना, म्हणून लगेच तिची जीभ पाहतो आणि जनावरांचा दवाखाना गाठतो. पण आपल्या स्वतःच्या गालाच्या आत काय आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

मी डॉक्टर नव्हे. बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी सांगत गावोगाव फिरणारा माणूस. तरी आज हा विषय घेतला, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका गावी शिवारफेरीला गेलो असता एका शेतकऱ्याने आपल्या बैलाचे तोंड उघडून मला दाखविले. बैलाला काही विशेष झाले नव्हते. पण बोलता बोलता तो गडी तंबाखूची गोळी काढून टाकू लागला, तेव्हा त्याच्याच गालात मला चुना लागल्यासारखा पांढरा चट्टा दिसला. "हे डॉक्टरांना दाखवा," मी म्हणालो. "दुखत नाही साहेब. पेरणी होऊ द्या, मग जातो," तो म्हणाला. पेरणी झाली, मग खुरपणी आली, मग सुगी. तो गेला तेव्हा दिवाळी उलटून गेली होती आणि चट्ट्याची गाठ झाली होती. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण जबड्याचा एक भाग काढावा लागला. आज त्याला भाकरी चावता येत नाही, पेज प्यावी लागते. मी तेव्हाच त्याला मोटारसायकलवर बसवून तालुक्याला का नेले नाही, ही टोचणी मला अजून आहे.

सगळेच पांढरे वाईट नसते

पिकाचे पान पांढरे पडले म्हणजे दर वेळी भुरीच असते असे नाही. तोंडाचेही तसेच आहे. ओठांच्या व गालांच्या आत रव्यासारखे बारीक, पिवळसर-पांढरे दाणे पुष्कळांना असतात. त्या तेलग्रंथी होत. त्यांना औषध लागत नाही आणि ते नखाने खरवडूही नयेत. गालावर दात मिटतात त्या रेषेत पांढरी ओळ दिसते, तीही निरुपद्रवी. ओठ चावला जाऊन आत पाण्याने भरलेला मऊ फुगा येतो; तो आपोआप गेला नाही तर दंतवैद्य काढून देतात.

तोंड येणे सर्वांच्या परिचयाचे आहे. मध्ये पांढरट-पिवळा, कडेने लाल असा छोटा फोड, आणि आग मोठी. तो साधारण आठवडा-दोन आठवड्यांत बरा होतो. तिखट कमी करावे आणि कोमट पाण्यात मीठ टाकून चुळा भराव्यात. तोंड वारंवार येत असेल तर रक्त तपासून घ्यावे. लोह किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी असण्याचा संभव असतो. दूध, अंडी, पालेभाज्या आणि डाळी घरात पिकतात. त्या सगळ्या बाजारात न धाडता घरच्या ताटातही पडू द्याव्यात.

लेकराच्या तोंडात

तान्ह्या मुलाच्या जिभेवर आणि गालात दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर बसतो. दुधाची साय असेल तर ती सहज पुसली जाते. ही बुरशी असली तर सहज निघत नाही, आणि निघाली तर खाली लाल दिसते. मूल अंगावर पिताना रडते. यावर बुरशीचे औषध डॉक्टर देतात, आणि गरज असेल तर आईच्या स्तनाग्रालाही तेच लावावे लागते. आपल्याकडे मधात टाकणखार उगाळून लावतात. भगिनींनो, हे करू नका. टाकणखार पोटात जाणे मुलाला घातक आहे, आणि एक वर्षाच्या आतील मुलाला मध मुळीच देऊ नये. अशीच बुरशी मोठ्या माणसाला झाली तर मधुमेहाची तपासणी करून घ्यावी.

मुलाला ताप, खोकला, लाल डोळे आणि दाढांसमोर गालात मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो गोवर असू शकतो. अंगावर पुरळ उठायची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, अशा गोवर-रुबेलाच्या दोन्ही लसी चुकवू नयेत.

न दुखणारा चट्टा

आता मुख्य गोष्ट. तंबाखूची गोळी, मिश्री, गुटखा किंवा सुपारी जिथे रोज ठेवली जाते, तिथेच एक पांढरा, जाडसर, पुसून न निघणारा चट्टा येतो. तो दुखत नाही, म्हणून आपण फसतो. असा प्रत्येक चट्टा कर्करोग होत नाही. पण काही होतात, आणि नुसते पाहून कोणता होईल ते सांगता येत नाही. चट्ट्यात लाली असेल, कडकपणा असेल, रक्त येत असेल, तर धोका अधिक. मिश्री लावणाऱ्या आई-बहिणींनी "आम्ही कुठे तंबाखू खातो?" असे म्हणू नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

सुपारी-गुटख्याने गाल आतून पांढरट आणि ताठ होतात, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून दातांमध्ये जातात का, पाहा. जात नसतील तर दवाखाना गाठा. २०१२ साली आपल्या राज्यात गुटख्यावर बंदी आली. पण आपण स्वतः बंदी घातल्याशिवाय खिसा रिकामा होत नाही, हे तुम्ही-आम्ही जाणतो.

यावर पहिला उपचार म्हणजे तंबाखू-सुपारी कायमची सोडणे. टोचणारा दात घासून घ्यावा लागतो. डॉक्टरांना शंका आली तर ते चट्ट्याचा बारीकसा तुकडा तपासणीला पाठवतात. "सुरी लागली की रोग पसरतो," हा समज खोटा आहे. रोग पसरतो तो वेळ घालविल्याने.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन पस्तिशीपुढच्या माणसांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासत असत. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी झालेल्या भागात सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. उजेड आणि पाहणारे डोळे, एवढ्यावर हे साधले.

घरी काय करावे?

अनेक गावांत अमावास्येला औत धरीत नाहीत. त्या दिवशी चूळ भरून, आरसा घेऊन उन्हात बसा. दोन्ही गाल, ओठांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा पाहा. नवरा-बायकोने एकमेकांचे पाहिले तर आणखी बरे. पंधरा दिवसांत न गेलेला चट्टा, फोड किंवा गाठ दिसली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दंतवैद्याला दाखवा. खर्चाच्या धास्तीने थांबू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर न्या. व्यसन सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा फुकट दूरध्वनी आहे.

पेरणी चार दिवस पुढे गेली तर पीक थोडे कमी येईल, पुढच्या हंगामात भरून निघेल. जबडा पुन्हा उगवत नाही. हे वाचून झाल्यावर अंक बाजूला ठेवा आणि आधी आरसा घ्या.