दुसरी बीडीडी

संपादकांनी मला पाठवलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. "पवईला आयआयटीत संगणकवाल्यांची परिषद आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर काही मिळतंय का बघ," असं म्हणाले. डिसेंबर २०१९ची गोष्ट. मी गेलो, सकाळचे दोन तास बसलो, आणि तेवढ्या वेळात कृत्रिम बुद्धिमत्ता काही माझ्या कानावर पडली नाही. पडद्यावर ग्रीक अक्षरं आणि कंसांच्या आत कंस. व्याख्यान संपलं की टाळ्या, आणि टाळ्या विरायच्या आत मागून कुणीतरी विचारणार, "तिसऱ्या पायरीला जे गृहीत धरलंत, ते धरल्याशिवाय चालणारच नाही का?" बोलणाराही रागावत नसे. फळ्याकडे बघत उभा राही. कधी कधी मिनिटभर.

चहाच्या रांगेत उभा राहून मी निघायचा विचार करत होतो. पुढे एक मुलगी आणि एक मुलगा बोलत होते.

"माझी बीडीडी फुटली काल रात्री."

"कितीवर?"

"चाळीस लाखांवर."

लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मी वरळीच्या बीडीडी चाळीत मामाकडे काढल्या आहेत. बीडीडी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येते ती १६० चौरस फुटांची खोली, बाहेरचा लांब व्हरांडा आणि नळावरची रांग. चाळीस लाख ही पागडी असणार असं मी धरून चाललो. फुटली म्हणजे व्यवहार फिसकटला असेल. "वरळीला चाळीस लाखांत कुठे मिळते खोली?" मी न राहवून म्हणालो. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मग मुलगी इतकी हसली, की तिच्या कपातला चहा बशीत सांडला.

ती सोलापूरची, पीएच.डी. करत होती. तिची बीडीडी म्हणजे बायनरी डिसिजन डायग्राम. हो-नाहीच्या प्रश्नांची आकृती. पुढचे दोन दिवस मी परत गेलो ते या आकृतीसाठी.

परिषदेबद्दल थोडक्यात सांगतो. तिचं नाव एफएसटीटीसीएस, आणि ते तिथली माणसं एका दमात म्हणतात. सॉफ्टवेअरच्या आणि संगणकशास्त्राच्या पायात जे गणित पुरलेलं असतं, ते तिचं क्षेत्र. १९८१ मध्ये बंगळूरला सुरू झाली. १९८४ च्या इतिवृत्तावर संपादक म्हणून मथाई जोसेफ आणि आर. के. श्यामसुंदर यांची नावं आहेत. दोघेही तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षं ती पुण्यात भरली. मुंबईत १९९३, २००३, २०११ आणि हे २०१९. साहित्य संमेलनासारखी गावं बदलत फिरते. फक्त मांडव लागत नाही आणि अध्यक्षपदावरून भांडणं होत नाहीत. दोन शाखा असतात. 'अ' शाखेत गणनपद्धती, 'ब' शाखेत तर्कशास्त्र. २००८ पासूनचे सगळे निबंध कुणालाही फुकट वाचता येतात, आणि ही गोष्ट मला फार आवडली.

तर्कवाल्यांची याहून मोठी वारी म्हणजे लिक्स, 'लॉजिक इन कॉम्प्युटर सायन्स'. पहिली १९८६ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजला भरली. त्यानंतर एडिंबरा, पॅरिस, वॉर्सा, क्योटो, रेक्याविक झालं. भारतात मात्र ती अजून आलेली नाही. इतर शास्त्रांत परिषद म्हणजे भेटीगाठी, खरं प्रकाशन नियतकालिकात. इथे उलटं आहे. परिषदेत निबंध निवडला जाणं हेच प्रकाशन, म्हणून मुदतीच्या रात्री वसतिगृहात कुणी झोपत नाही. ही मुदत पृथ्वीवरच्या सर्वांत मागे असलेल्या घड्याळाप्रमाणे धरतात. त्यामुळे तिकडे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. "म्हणजे काका, एक फुकटचा दिवस," ती म्हणाली, "आणि तोही पुरत नाही."

आता आकृती. तिनं गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पेनानं काढायला घेतली.

"तुमच्याकडे सत्यनारायण असतो ना? पूजेला जोडपं लागतं. समजा तीन भाऊ, तीन जावा. गुरुजींना एवढंच कळायला हवंय की एक तरी जोडपं पूर्ण घरात आहे का. एका वेळी एकाच माणसाबद्दल विचारायचं, आलाय की नाही. कसं विचाराल?"

मी म्हणालो, थोरला आलाय का विचारीन. आला असेल तर थोरल्या वहिनींना विचारीन.

"बरोबर. दोघं असतील तर काम झालं. थोरला नसेल तर वहिनींना विचारायचंच नाही, सरळ मधल्याकडे. थोरला आहे पण वहिनी नाहीत, तरी मधल्याकडेच. या दोन वाटा मधल्याच्या दारात एक होतात. गुरुजींना मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही." तिनं मोजून दाखवलं. सहा प्रश्नांच्या सहा चौकटी, 'हो' आणि 'नाही' या दोन उत्तरांच्या दोन. एकूण आठ.

"आता आधी तिन्ही भावांना विचारा, मग तिन्ही जावांना."

मी मनात करून बघितलं. भाऊ संपेपर्यंत गुरुजींना कोण आलं नि कोण नाही ते सगळं डोक्यात ठेवावं लागतं, कारण पुढे कोणत्या वहिनींचं असणं कामाचं ते त्यावरच ठरतं. चौकटी होतात सोळा. माणसं तीच, प्रश्न तोच, उत्तरही तेच. दहा जोडपी असतील तर पहिल्या क्रमानं २२ चौकटी, दुसऱ्या क्रमानं २,०४८. वीस जोडपी असतील तर ४२ आणि २०,९७,१५२.

गंमत बघा, तत्त्व चाळीचंच आहे. ज्या दोन वाटा पुढे सारख्याच जातात त्यांच्यासाठी दोन खोल्या बांधायच्या नाहीत, एकच खोली दोघांत वापरायची. आमच्या मामाच्या मजल्यावर नळ सामायिक होता तसं. हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की पुढच्या व्याख्यानात वापरीन. वापरलं का ते विचारायचं राहिलं.

या आकृतीला आजचं रूप दिलं रँडल ब्रायंट यांनी, १९८६ मध्ये. प्रश्नांचा क्रम एकदा पक्का केला आणि सामायिक करण्यासारखं सगळं सामायिक केलं, की एका कामाची आकृती एकच उरते, हे त्यांनी दाखवलं. दोन अभियंत्यांनी वेगवेगळ्या पद्धतीनं चिपमधली मंडलं (सर्किटं) आखली आणि दोन्ही एकच काम करतात का हे बघायचं असेल, तर आकृत्या काढायच्या आणि ताडून बघायच्या. कार्नेगी मेलन विद्यापीठात केन मॅकमिलन नावाच्या विद्यार्थ्याला १९८७ मध्ये सुचलं, की यंत्राच्या सगळ्या अवस्थासुद्धा अशाच एका आकृतीत कोंबता येतील.

अवस्था म्हणजे काय, ते दिव्यांवरून समजतं. एका पटावर ६७ दिवे आहेत, प्रत्येक लागलेला किंवा विझलेला. एवढ्यावरच १ वर २० शून्यांपेक्षा जास्त वेगळे देखावे होतात. सेकंदाला एक अब्ज देखावे तपासणारं यंत्र बसवलं तरी १ वर २० शून्यं संपवायला सुमारे ३,१७० वर्षं लागतील. आणि चिपमध्ये दिवे हजारोंनी. १९९०च्या लिक्समध्ये, फिलाडेल्फियाला, मॅकमिलन, त्याचे मार्गदर्शक एडमंड क्लार्क आणि आणखी तिघांनी मिळून निबंध वाचला. त्याच्या नावातच १ वर २० शून्यं आणि त्याच्याही पलीकडे, असा दावा होता. त्यांनी अवस्था एकेक करून मोजल्याच नाहीत. आकृतीतल्या चौकटी हलवल्या, आणि प्रत्येक चौकटीबरोबर कोट्यवधी अवस्था एकदम सरकल्या. १९९२ मध्ये याच पद्धतीनं फ्यूचरबस प्लस या संगणकातल्या दळणवळणाच्या मानकातल्या चुका सापडल्या. माणसांनी ते मानक अनेकदा वाचून झाल्यावर. वीस वर्षं टिकलेल्या निबंधांना लिक्स एक पुरस्कार देते. २०१० मध्ये तो या निबंधाला मिळाला. क्लार्क यांना त्याआधी, २००७चं ट्युरिंग पारितोषिक, एमर्सन आणि सिफाकिस यांच्याबरोबर. २०२०च्या डिसेंबरात ते कोविडनं गेले.

"मग क्रम ठरवायचा कसा?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं. इथून माझ्या वहीत नुसत्या अडचणीच आहेत.

जोडप्यांच्या उदाहरणात क्रम आपल्याला दिसतो, कारण आपल्याला जोडपी ठाऊक असतात. चिपमध्ये कोण कुणाचा जोडीदार ते सांगणारं कुणी नसतं. सर्वांत चांगला क्रम शोधणं हेच मुळात संगणकशास्त्रातल्या कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांच्या यादीतलं आहे, असं जर्मनीतल्या बोलिग आणि वेगेनर यांनी १९९६ मध्ये सिद्ध केलं. मग करतात काय? रुडेल यांनी १९९३ मध्ये सुचवलेली चाळणी वापरतात. एक प्रश्न उचलायचा, तो क्रमातल्या प्रत्येक जागेवर ठेवून बघायचा, जिथे आकृती सर्वांत लहान होईल तिथे सोडायचा, मग पुढचा उचलायचा. घरात नवं कपाट आल्यावर आपण ते प्रत्येक भिंतीला लावून बघतो, तसं. खोलीच चुकीची असेल तर हे लक्षात येत नाही.

आणि काही खोल्यांत कपाट कुठल्याच भिंतीला बसत नाही. बेरीज करणाऱ्या मंडलाला चांगला क्रम आहे: दोन्ही संख्यांचे अंक आलटूनपालटून घ्यायचे, पुन्हा जोडप्यांसारखेच. गुणाकाराला नाही. गुणाकाराच्या मधल्या अंकाची आकृती कुठल्याही क्रमानं अवाढव्यच होते, हे स्वतः ब्रायंट यांनीच १९९१ मध्ये सिद्ध केलं. ज्यानं हत्यार घडवलं त्यानंच ते कुठे मोडतं ते कागदावर मांडून ठेवावं, ही या लोकांची रीत मला फार मोठी वाटते. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियममध्ये भागाकार चुकला. आतल्या कोष्टकात १,०६६ नोंदी भरलेल्या हव्या होत्या, त्यातल्या पाच राहून गेल्या होत्या. कंपनीला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. त्यानंतर चिप बनवणाऱ्यांना तर्कवाल्यांची गरज पटली, पण गुणाकारासारखी मंडलं मात्र आकृतीत मावेनात.

१९९९ नंतर बरेच लोक दुसऱ्या वाटेनं गेले. पूर्ण नकाशा काढायचाच नाही; चूक असेल तर तिच्याकडे नेणारी एकच वाट शोधायची. याला सॅट सोडवणं म्हणतात. आता तेच जास्त चालतं. आणि हे काम फक्त परदेशात चालतं असं नाही. पुण्यात टाटा कन्सल्टन्सीच्या संशोधन केंद्रात घडवलेलं व्हेरिॲब्स हे प्रोग्रॅम तपासणारं साधन २०२० आणि २०२१ मध्ये सॉफ्टवेअर पडताळणीच्या जागतिक स्पर्धेतल्या एका मुख्य गटात पहिलं आलं. पुण्याच्या एकाही ओळखीच्या माणसाला हे माहीत नव्हतं, मी चौघांना विचारून बघितलं. अर्थात मलाही त्या चहाच्या रांगेआधी कुठे काय माहीत होतं?

"मग तू अजून बीडीडीच का धरून बसलीस?" मी तिला विचारलं.

तिला एकच वाट नको होती. मंडलाला काय हवं तेवढं सांगायचं आणि ते कसं करायचं हे यंत्रानंच आखून द्यायचं, असा तिचा प्रश्न होता. त्याला सगळा नकाशा लागतो. त्यासाठी तिला विभागाच्या मोठ्या यंत्रावर रात्री जागा मिळत असे. सकाळी सहाला उठून ती आधी पडदा बघायची. बहुतेक वेळा एकच ओळ: मेमरी संपली. म्हणजे बीडीडी फुटली. आई फोनवर विचारायची, "झालं का गं तुझं?" मार्गदर्शक तेच इंग्रजीत विचारायचे.

माझा लेख तेव्हा छापला गेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती त्यात. तीन महिन्यांनी टाळेबंदीत सगळंच बंद झालं आणि ती सोलापूरला घरी गेली. तिथून ती विभागाच्या यंत्राला दुरून जोडून बसायची. मे महिन्यात मी फोन केला. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"काका, चौथा प्रश्न सतराव्या जागी नेला आणि चित्र नऊ लाखांवर आलं. मी घरभर नाचले. मग एक साधीशी अट वाढवली, आणि परत फुटलं."

"कितीवर?"

"बघितलंच नाही. क्रम बदलून पुन्हा लावलंय. आता सकाळी बघीन."