वॉशिंग सेंटरचा पंप प्रेशर सोडतोय? मेकॅनिकला फोन करण्याआधी बादली घ्या!

खंडेनवमीला आपल्या उमरग्यात कुठल्याही वॉशिंग सेंटरवर जाऊन बघा. ट्रॅक्टर, टेम्पो, कार, मोटारसायकली, सकाळपासून नुसती रांग. वर्षातला मोठा धंदा त्या एका दिवसात होतो. आणि नेमका त्याच दिवशी पंप बसला तर? गिऱ्हाईक थांबत नाही, पुढच्या सेंटरवर जातं. मेकॅनिक सोलापूरहून येईपर्यंत दिवस संपलेला असतो.

म्हणून आज मशीनचं बोलू. मार्केटिंगचे व्हिडिओ बरेच झाले, पण मशीन बंद असेल तर मार्केटिंग काय कामाचं?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

आपल्याकडे बहुतेक सेंटरवर तीन प्लंजरचा पंप असतो. हा पंप फक्त पाणी ढकलतो. प्रेशर तयार होतं ते नोझलच्या बारीक भोकामुळे. भोक झिजून मोठं झालं की पंप नवाकोरा असला तरी प्रेशर पडणारच. मग मालक म्हणतो, "पंप गेला." अहो, पंप नाही गेला, नोझल गेलं! ते पंपाच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत येतं.

बादलीची परीक्षा

मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावा. गन नोझलसकट एका ड्रममध्ये धरून पाणी सोडा आणि किती लिटर आलं ते मोजा. मग पंपाच्या प्लेटवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा.

पाणी पूर्ण येतंय, पण प्रेशर कमी आहे? नोझल झिजलंय. बदला.

पाणीच कमी येतंय? मग या क्रमाने बघा:

1. टाकीत पाणी आहे का, सक्शनची जाळी चोंदली आहे का.
2. सक्शन पाइप कुठे हवा ओढतोय का. क्लिप आवळा. पंपातून खडे हलवल्यासारखा आवाज येत असेल तर त्याला पुरेसं पाणी मिळत नाही, लगेच बंद करा.
3. गन चालू असताना बायपासच्या पाइपमधून पाणी परत जातंय का. जात असेल तर अनलोडर व्हॉल्व्ह बघा.
4. गन हातात धडधडते, प्रेशर वरखाली होतं? एखाद्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा तो झिजलाय.
5. पंपाखाली पाणी ठिबकतंय? सील गेलं.

ऑइलची काच रोज बघा. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय. तसाच पंप चालवला तर शंभराचं काम हजारांवर जातं. नव्या पंपाचं पहिलं ऑइल साधारण 50 तासांनी बदलतात, पुढे दर 500 तासांनी किंवा तीन महिन्यांनी. तरी आपल्या पंपाच्या पुस्तकात दिलेले तास आधी बघा.

आपल्या भागाचे दोन शत्रू

पहिला, बोअरचं जड पाणी. नोझलमध्ये पांढरा थर बसतो, फवारा वाकडा होतो. रात्री नोझल काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत घाला, सकाळी धुऊन घ्या. तार किंवा खिळा घालू नका, भोक मोठं होतं. बोअरचं पाणी थेट पंपाला देऊ नका. आधी टाकीत सोडा, गाळ बसू द्या, मग जाळीतून घ्या.

दुसरा, डीम लाइट. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. थ्री फेजमध्ये एक फेज गेला तरी तेच. ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर लावाच. आणि मित्रांनो, इथे पोराचे पाय दिवसभर पाण्यात असतात. अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हा खर्च नाही, त्या पोराचा जीव आहे. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

हिशोब करा

मिनिटाला 12 लिटरचा पंप आहे. एका कारला 10 मिनिटं गन चालली, म्हणजे 120 लिटर. नोझल झिजलं, प्रेशर पडलं, तीच कार धुवायला 15 मिनिटं लागली, म्हणजे 180 लिटर. दिवसाला 10 गाड्या धरा. 600 लिटर पाणी आणि 50 मिनिटांची लाइट फुकट गेली! एप्रिल 2016 मध्ये आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात धंदा करताना रोजचं 600 लिटर लहान नाही. उन्हाळ्यात टँकर घेत असाल तर ते पैशातही दिसेल.

गन सोडली की मोटार बंद

बायपासचं पाणी टाकीत न जाता परत पंपाच्या इनलेटला जोडलेलं असेल, तर गन बंद ठेवून मोटार चालू ठेवली की तेच पाणी फिरून गरम होतं आणि सील खराब होतात. गिऱ्हाईकाशी बोलत उभं राहायचं असेल तर आधी मोटार बंद करा. ही सवय पोरांनाही लावा.

एक वही भिंतीला टांगा. तारीख, मिनिटाला किती लिटर, ऑइल कधी बदललं, एवढंच लिहा. आणि एक नोझल, एक सील किट, एक बेल्ट गल्ल्याजवळ कायम ठेवा. दसऱ्याच्या आठ दिवस आधी बादलीची परीक्षा घ्या.

तुमच्या पंपाचा आकडा किती आला, व्हिडिओखाली नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!