एका पेशीच्या वाट्याला शंभर कोटी

रक्ततपासणीच्या कागदावर ‘एलडीएल १००’ असं छापून आलं की आपण निर्धास्त होतो. त्या शंभरामागचा हिशेब मांडला तर डोळे पांढरे होतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, एलडीएलचे अंदाजे ४०,००० कोटी कण असतात. प्रत्येकाचा व्यास जेमतेम २२ नॅनोमीटर, आणि प्रत्येकात कोलेस्टेरॉलचे दोनेक हजार रेणू.

त्याच थेंबात तांबड्या पेशी ५० लाखांच्या घरात. आणि धमनीच्या भिंतीत शिरून भक्षक पेशी बनणारे मोनोसाइट? चारशेच्या आसपास. एकेकाच्या वाट्याला शंभर कोटी कण! भक्षक पेशीचा व्यास २० मायक्रोमीटर धरला, तर ती काठोकाठ भरायला सत्तर-पंचाहत्तर कोटीच पुरतात. अर्थात बहुतेक कण यकृत उचलतं. भिंतीत अडकतात ते थोडे. पण वर्षानुवर्षं अडकतात.

साध्या पेशीचं पोट भरलं की ती एलडीएल आत घेणारे ग्राही कमी करते, पानावर हात आडवा धरावा तशी. भक्षक पेशीचं तसं नाही. १९७९ मध्ये डॅलसच्या गोल्डस्टीन आणि ब्राउन यांनी दाखवलं, की रासायनिक बदल झालेलं एलडीएल ती वेगळ्याच ग्राहीने ओढते, आणि तो ग्राही पोट भरलं तरी थांबत नाही. जिवाणूंचा फडशा पाडणाऱ्या या पेशीला कोलेस्टेरॉलचं वलय मात्र फोडता येत नाही. (यकृतालाही नाही, ते त्याचं पित्ताम्ल करून बाहेर काढतं.) ते परत वाहून नेणाऱ्या एचडीएल कणांच्या हवाली करणं हाच मार्ग. तो अपुरा पडला की पेशी मेदथेंबांनी फुगते, आत स्फटिक धरतात, आणि ती इंटरल्युकिन-१ बीटा सोडून दाह पेटवते.

हा दाहच रोखला तर? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांच्या चाचणीत इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब हे औषध वापरून पाहिलं; निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एलडीएल जागचं हललं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेवर झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. जंतुसंसर्गाने दगावणारे मात्र वाढले. पहारेकऱ्याचे हात बांधले की दुसरं काय होणार? मग गाउटवरचं स्वस्त, जुनं कोल्चिसिन पुढे आलं. आपल्या कळलावीतलं विष तेच. २०२० मध्ये ५,५२२ रुग्णांत धोका ३१ टक्क्यांनी घटला, तर २०२४ मध्ये नुकताच झटका आलेल्या ७,०६२ जणांत काहीच फरक दिसला नाही.