वीज वाचवा, जीवही सांभाळा : हवामानाचा प्रश्न आणि आपले घर

हवामानबदलाविषयी भरणाऱ्या जागतिक परिषदांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. कोळसा, कार्बन, अब्जावधी डॉलर अशी भाषा त्यांत असते. येवल्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबास साहजिकच वाटते, की हा विषय आपला नव्हे. परंतु महिन्याच्या वीजबिलाबरोबर हाच विषय आपल्या घरात येत असतो. म्हणून या लेखात दोन गोष्टी समजून घ्यावयाच्या आहेत : वाद नेमका कशाचा आहे, आणि कोणाच्या जिवाला धोका न पोहोचविता आपण घरी वीज कशी वाचवू शकतो.

वाद कशाचा आहे?

1992 साली रिओ दि जानेरो येथील वसुंधरा परिषदेत एक तत्त्व मान्य झाले. पृथ्वी सांभाळण्याची जबाबदारी सर्वांची आहे, पण ती सर्वांना सारख्या मापाने लागू होत नाही. ज्या देशांनी पिढ्यान्‌पिढ्या कोळसा आणि तेल जाळून समृद्धी मिळविली, त्यांनी अधिक भार उचलावा. 1997 च्या क्योटो करारात उत्सर्जनकपातीचे बंधन केवळ विकसित देशांवर होते. 2015 च्या पॅरिस करारात मात्र प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट स्वतः ठरवून जाहीर करावे, असे ठरले. 2021 साली ग्लासगो येथे भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय घोषित केले. त्याच परिषदेत कोळशाचा वापर ‘संपवावा’ की ‘कमी करीत न्यावा’, यावर अखेरच्या क्षणापर्यंत वाद झाला आणि भारताच्या आग्रहाने दुसरा शब्दप्रयोग स्वीकारण्यात आला. 2024 साली बाकू येथे विकसनशील देशांसाठी 2035 पर्यंत दरवर्षी 300 अब्ज डॉलर उभारण्याचे ठरले, तेव्हा ही रक्कम अपुरी असल्याचे भारताने तेथेच सांगितले.

कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनात आपला देश जगात तिसरा आहे. दरडोई हिशेब केला, तर ते सुमारे 2 टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी भरते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि वाद त्यातूनच उभा राहतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्रात श्रीमंत राष्ट्रांचे हे ऋण स्पष्टपणे मांडले आहे. त्याच विश्वपत्रात अनावश्यक दिवे बंद करण्यासारख्या लहान कृतींचेही मोल सांगितले आहे. न्यायाची मागणी आणि स्वतःची शिस्त या एकमेकींच्या विरोधी गोष्टी नव्हेत.

एका युनिटचा हिशेब

1000 वॉटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्ची पडते. आपल्या देशातील बहुतांश वीज अजूनही कोळशापासून तयार होते. आपल्या जिल्ह्यातील एकलहरे येथील औष्णिक केंद्रही कोळशावरच चालते. देशभरातील सर्व प्रकारच्या विजेची सरासरी काढली, तरी एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

जुना छताचा पंखा सुमारे 75 वॉटचा असतो. तो दिवसाला 16 तास चालला, तर महिन्याला 36 युनिटे लागतात. नव्या बीएलडीसी पंख्यास सुमारे 30 वॉट पुरतात, म्हणजे 14 ते 15 युनिटे. एका पंख्यामागे महिन्याला 21 युनिटांहून अधिक बचत झाली. वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतो, त्यामुळे ज्या घराचा वापर 100 युनिटांच्या थोडा वर आहे, त्यास ही बचत विशेष लाभदायक ठरते.

प्रकाश कमी करू नये, दिवा बदलावा

येवल्याची ओळख पैठणीने आहे. हातमागास वीज लागत नाही, परंतु विणकराच्या डोळ्यांना प्रकाश लागतो. पदरावरील मोर विणताना धागा न्‌ धागा मोजावा लागतो. तेथे बचतीसाठी दिवा काढून टाकणे म्हणजे डोळ्यांची हानी करून घेणे होय. 60 वॉटच्या जुन्या बल्बऐवजी 9 वॉटचा एलईडी दिवा लावल्यास प्रकाश तितकाच मिळतो आणि वीज सहाव्या हिश्श्याहूनही कमी लागते. मात्र मागाजवळ रेशीम असते. तेथे उघडे जोड, लोंबकळणाऱ्या वायरी आणि सैल होल्डर ठेवू नयेत. हाच नियम नाताळच्या गोठ्यास लागू आहे. वाळलेल्या गवतावर दिव्यांची स्वस्त माळ रात्रभर पेटती ठेवणे धोक्याचे आहे. झोपण्यापूर्वी व मध्यरात्रीच्या मिस्साला निघण्यापूर्वी ती बंद करावी.

कूलर, रॉड आणि ‘जादूची पेटी’

आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो व वातानुकूलन यंत्राच्या तुलनेत फारच थोडी वीज घेतो. पण लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आल्यामुळे त्याचे अर्थिंग पक्के असलेच पाहिजे. तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा करू नये. पाणी भरताना केवळ बटन बंद करून भागत नाही, प्लगही काढावा. पाणी तापविण्याचा रॉड धातूच्या बादलीत सोडू नये. पाणी तापले का, हे पाहण्यासाठी हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. घराच्या मुख्य फलकावर 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. वीज अंगावाटे जमिनीत उतरू लागताच ते क्षणार्धात प्रवाह तोडते.

प्लगमध्ये खोचली, की बिल निम्मे होईल, अशा जाहिरातीने विकली जाणारी पेटी घेऊ नये. तिच्यात बहुधा एक लहान कपॅसिटर असतो. शेतपंपाच्या मोटारीला योग्य कपॅसिटर उपयोगी पडतो हे खरे, परंतु घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेली युनिटे मोजतो. ती या पेटीने कमी होत नाहीत. तारांवर आकडा टाकणे ही तर बचत नव्हेच. तो 2003 च्या विद्युत कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्यात अनेकदा टाकणाऱ्याचाच जीव जातो.

धोरण शेतापर्यंत पोहोचते तेव्हा

हवामानविषयक धोरणाचा सामान्य माणसास काय उपयोग, असे विचारणाऱ्यांनी शेतपंपांकडे पाहावे. रात्रीच्या पाळीची वीज म्हणजे अंधारात, साप आणि बिबट्याच्या भीतीत पाणी भरणे. 2017 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतकऱ्यास दिवसा सौर वीज मिळावी हा आहे. जेथे ती मिळते, तेथे कोळसाही वाचतो आणि शेतकरी रात्री घरी झोपू शकतो. घराच्या छतासाठी 2024 पासून पीएम सूर्यघर योजना असून तीत 3 किलोवॉट व त्यावरील संचास 78,000 रुपये अनुदान आहे.

प्रत्येक कुटुंबाने या महिन्यापासून एवढे करावे : बिलावरील युनिटांचा आकडा एका वहीत लिहून ठेवावा, जुन्या वायरिंगची परवानाधारक वीजतंत्रीकडून तपासणी करून घ्यावी आणि पैसे शिलकीत पडतील तसा एकेक पंखा व दिवा बदलावा. तपासणी मात्र सर्वांत आधी करावी. वाचविलेल्या युनिटाचे पुण्य मोठे आहे, पण घरातील माणूस त्याहून मोठा आहे.