आठाने भागायचे राहिले!

गुळाचा भाव ऐकल्यावर ‘किलोचा की अर्ध्या किलोचा?’ असे विचारल्यावाचून आपल्याकडची गृहिणी पिशवी पुढे करत नाही. मी एम. ए. झालेला, वर्गात मुलांना शिकवणारा मनुष्य. पण एवढा साधा प्रश्न विचारायला विसरलो, आणि त्याची किंमत माझ्या पुतणीला मोजावी लागली.

त्याचे असे झाले. पुतणीने आठवडी बाजारावर एक छोटा चित्रपट केला होता. एका शिष्यवृत्तीसाठी तो रात्री बाराच्या आत पाठवायचा होता. फीत ३ गिगाबाइटची. घरात नुकतेच फायबर आलेले. पाठवण्याचा वेग १० मेगा, असे कंपनीच्या कागदावर छापलेले. अकरा वाजता ती म्हणाली, “काका, आता पाठवूया ना?” मी म्हणालो, “थांब गं! पडद्यावरच्या अक्षरांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत, त्या आधी काढू. ३००० भागिले १०, म्हणजे ३०० सेकंद. पाच मिनिटांचे तर काम!”

अकरा पंचवीसला आम्ही फीत सोडली. बाराचे ठोके पडले तेव्हा पडद्यावर शेकडा ८३ चा आकडा होता. दार बंद झाले. पोर एक शब्द बोलली नाही. आणि तेच मला अधिक लागले.

चूक कुठे झाली? कागदावर रोमन लिपीतला लहान ‘बी’ होता, मी तो मोठा वाचला! लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट, आणि ८ बिटांचा एक बाइट. तारेचा वेग बिटांत सांगतात, फायलीचे वजन बाइटांत. ३००० मेगाबाइट म्हणजे २४००० मेगाबिट. त्याला १० ने भागले की २४०० सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटे. शिवाय प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहिलेले पाकीट चढवावे लागते, त्यात शेकडा पाचेक वेग जातो तो वेगळाच. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत गल्लत करणाऱ्या मुलांचे गुण मी वीस वर्षे कापत आलो, वाचकहो. त्या रात्री माझे कोण कापणार?

मग मी हट्टाने या हिशेबाच्या मागे लागलो. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाश लुकलुकत जातो. उजेड म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. प्रत्येक लुकलुक मोजायची, म्हणून तारवाल्यांचे माप बिट. पण फायलीतली अक्षरे आठ-आठ बिटांच्या जुडीने साठवतात, म्हणून साठवणाऱ्यांचे माप बाइट. दोघेही आपापल्या जागी खरे. फसतो तो मधला माणूस.

या मापांतले चमत्कारिक आकडेही उगाच आलेले नाहीत. दूरध्वनीच्या काळात आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेत आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहीत. म्हणून एका संभाषणाला ६४ हजार बिट. पुढे १९८८ साली जागतिक प्रमाण ठरले तेही याच तालावर: ९ ओळी, २७० रकाने, असा २४३० बाइटांचा तक्ता सेकंदाला ८००० वेळा पाठवायचा. गुणाकार करून पाहा, १५५.५२ मेगाबिट येतात. त्याच्या सोळापट म्हणजे २४८८.३२. आज अनेक घरांच्या फायबरमध्ये खाली येणारा वेग नेमका हाच असतो, आणि बोलताना त्याला ‘अडीच गिगा’ म्हणतात. हा प्रवाह ३२ घरांत वाटलेला असला आणि सगळ्यांनी एकदम मागितला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७.७६ मेगाबिट, म्हणजे पावणेदहा मेगाबाइटहूनही थोडे कमीच.

दुसरी एक खोच ‘किलो’ची. तारवाल्यांचा किलो नेहमी १००० चा. संगणकवाल्यांना दोनाच्या पटी सोयीच्या, म्हणून ते पुष्कळदा १०२४ ला किलो म्हणत. १९९८ साली १०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी निराळी नावे दिली गेली. पण ती लोकांच्या तोंडी बसली नाहीत. म्हणूनच १००० गिगाबाइटची म्हणून घेतलेली तबकडी काही संगणकांवर ९३१ च दाखवते. दुकानदाराने काही काढून घेतलेले नसते. तराजू बदललेला असतो.

आपल्याला हे नवे नाही. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला तेव्हा ६४ पैशांच्या रुपयाचे १०० पैसे झाले. चार आण्यांचे २५ सरळ झाले. पण एका आण्याचे सव्वासहा! त्या पाव पैशावरून दुकानादुकानांत झालेल्या कटकटी आजोबा रंगवून सांगत. माप बदलताना जो विचारत नाही त्याच्याच खिशातून पाव पैसा जातो, एवढेच त्यांचे तात्पर्य असे.

पुतणीने पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज केला, या खेपेस दोन दिवस आधी. माझ्या टेबलासमोर भिंतीवर तिने एक चिठ्ठी डकवली आहे: ‘मेगाबीटला आठाने भागा, मग वेळ सांगा.’ त्यातला ‘बिट’ तिने दीर्घ लिहिला आहे. मी तो दुरुस्त केलेला नाही.