एका रेघेचा फरक

१९२.१६८.२.१०-२०
१९२.१६८.२.१०/२०

एनमॅप या स्कॅनरला यातली पहिली ओळ दिली, तर तो ११ पत्ते तपासतो. दुसरी दिली, तर ४,०९६. आडव्या रेघेच्या जागी तिरकी पडली, एवढंच काय ते झालं!

आडव्या रेघेचा अर्थ सरळ आहे: दहापासून वीसपर्यंत. तिरक्या रेघेचं गणित निराळं. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो. तिरक्या रेघेपुढचा आकडा सांगतो की त्यातले सुरुवातीचे किती बिट कायम धरायचे. २० कायम धरले की १२ मोकळे राहतात आणि १२ बिटांतून ४,०९६ पत्ते तयार होतात. मग तपासणी १९२.१६८.०.० पासून १९२.१६८.१५.२५५ पर्यंत जाते. ओळीत लिहिलेल्या त्या १० ला काही अर्थच उरत नाही. ही पद्धत १९९३ मध्ये इंटरनेटवरचे मार्ग आटोपशीर नोंदवता यावेत म्हणून आली. तिच्यात आकडा लहान होईल तसा टापू वाढतो, आणि नवशिके नेमके इथेच फसतात. /२४ म्हणजे २५६ पत्ते, /१६ म्हणजे ६५,५३६, आणि /८ म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त.

जास्त पत्ते तपासले तर बिघडलं कुठे? बिघडतं, कारण स्कॅनर नुसता बघत नाही, समोरच्या यंत्राला संदेश पाठवून उत्तर काढून घेतो. बऱ्याच नेटवर्क प्रिंटरांना ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते छापायची सवय असते. स्कॅनरने तिथे चौकशी केली की ट्रेमधून निरर्थक अक्षरांचे कागद बाहेर पडू लागतात. म्हणूनच एनमॅप सेवा ओळखताना ९१०० ते ९१०७ ही पोर्ट मुळातच वगळतो. कारखान्यातले जुने नियंत्रक तर अशा चौकशीने बंदही पडू शकतात.

दुसरा धोका हद्दीचा. खासगी वापरासाठी राखलेले पत्ते १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतच आहेत. ‘१७२ म्हणजे आपलंच’ असं समजून पुढे गेलात, तर १७२.३२ पासून दुसऱ्याची यंत्रं लागतात. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात वा नेटवर्कमध्ये शिरणं आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येतं.

म्हणून पत्त्यांची ओळ एकाने लिहावी आणि दुसऱ्याने वाचावी, असं माझं ठाम मत आहे. एनमॅपमध्ये त्यासाठी ‘लिस्ट स्कॅन’ची सोय आहे: दिलेल्या ओळीतून कोणकोणते पत्ते निघतात याची यादी तो दाखवतो, त्या यंत्रांकडे मात्र एकही पॅकेट पाठवत नाही. रुग्णालयातली उपकरणं, जुने नियंत्रक असे नाजूक पत्ते वगळायलाही वेगळा पर्याय आहे. परवानगीचं पत्र समोर ठेवून ही यादी ताडून पाहायला मोठ्या नेटवर्कमध्येही फार वेळ लागत नाही.

नव्या आयपीव्ही६ पत्त्यांपुढे मात्र रेंज देऊन भागत नाही. तिथे एका साध्या उपजाळ्यातच ६४ बिट मोकळे असतात. सेकंदाला दहा लाख पत्ते तपासले, तरी ते पुरं व्हायला पाच लाख ऐंशी हजारांहून अधिक वर्षं लागतील. त्यामुळे तिथे आधी राउटरच्या आणि पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरच्या नोंदींतून प्रत्यक्ष चालू असलेली यंत्रं वेचतात, आणि स्कॅनरला तेवढीच यादी देतात.